निळा पडदा आणि तिसरी पायरी

७ मे २०१०, शुक्रवार. तिरोडा

राजकुमारीने आज लॅपटॉपची पूजा केली. शुक्रवार चांगला म्हणून तीन दिवस त्याला खोक्यातच बसवून ठेवलं होतं. झाकणावर हळदकुंकू, कडेने अक्षता. मी म्हटलं, "अगं, हे विजेवर चालणारं यंत्र आहे, बैलजोडी नव्हे." ती म्हणाली, "बैल बरे. दुखलं-खुपलं त चारा सोडते, म्हणून समजते तरी."

नागपूरच्या कचेरीचं फर्मान आहे की जूनपासून बातम्या ई-मेलनेच घ्यायच्या, फॅक्स बंद. म्हणून हा खर्च. आतली प्रणालीही नवी, 'सेव्हन' नावाची. एक्सपीवर सात वर्षं चाललेला जुना संगणक मंगळवारी ऑटोत घालून खैरटोल्याला धनेंद्रकडे पाठवला. धाकटा भाऊ माझा. वडिलोपार्जित शेती तोच करतो. मी संस्कृतचा माजी शिक्षक आणि आजी वार्ताहर, म्हणजे दोन्ही वेळा शेतीला निरुपयोगी.

कालच्या अंकात माझी बातमी चांगली लागली. 'पाणी सोडण्यास मच्छीमारांची हरकत नाही: अध्यक्षा'. खैरटोल्याच्या मामा तलावाची. (माजी मालगुजारी तलाव; सरकारी कागदात 'मा. मा.' लिहितात, म्हणून साऱ्या जिल्ह्याचा मामा झाला.) उन्हाळी धानाला पाणी हवं म्हणून शेतकरी एकीकडे, तलाव आटला तर मासे जातील म्हणून मासेमारी करणारे ढीवर दुसरीकडे, असा महिनाभर वाद होता. सोमवारी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षा सुलोचनाबाई वलथरे यांची मुलाखत घेतली आणि वादाचा शेवट गोड केला. मुलाखत रेकॉर्डरमध्ये आहे, बातमी मात्र स्मरणावर लिहिली. पाठशाळेत हजार श्लोक पाठ केलेल्या माणसाला चौदा मिनिटं काय जड? रेकॉर्डर साक्षीला. तसाही तो मागच्या वर्षी चोरखमारा तलावाच्या काठावर पाण्यात पडल्यापासून मुका आहे. स्पीकर गेला, इअरफोनचं भोक गंजलं. ऐकतो सगळं, बोलत काही नाही. बोलतं करायचं तर संगणकाला जोडावं लागतं.

८ मे, शनिवार

सकाळी धनेंद्रचा फोन. "भाऊ, गेट उघडला न! तुझी बातमी पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या टेबलावरच व्हती म्हणते. पाणी आपल्या धानाच्या बांधीत पोचलं. आता धान भरते बराबर."

शब्दाला सामर्थ्य असतं, हे मी वर्गात वीस वर्षं सांगत होतो. पोरं जांभया देत.

१० मे, सोमवार

सकाळी नऊला दारात सुलोचनाबाई. पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेला, पायात धूळ. चौदा किलोमीटर आल्या, त्यातले सहा पायी. राजकुमारीने पाणी दिलं. ते हातातच धरून म्हणाल्या:

"गुरुजी, मी असं म्हटलो नाई."

"काय म्हणाला नाहीत?"

"हरकत नाई म्हणून."

"बाई, तुम्ही अगदी याच शब्दांत म्हणालात."

"शब्द असतीन. पन मी थांबलो नव्हतो न तिथं."

मी समजावलं की माणूस बोलतो एक आणि आठवतं दुसरं, यात त्यांचा दोष नाही. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माही सोसायटी मले इकली म्हणते. पोट्टे म्हणतेत, शेतवाल्या पोवाराइकून काय भेटलं? तेवीस तारखेला सभा हाये. मले काढतीन. काढू द्या, खुर्ची काय मी घरून आणलो नव्हतो. पन या साली आमच्या घरचं जाळं तलावात पडू देनार नाई म्हणतेत."

त्यांच्या घरात कमावतं ते जाळंच. दुधराम, त्यांचा मुलगा, दुसरं काही जाणत नाही.

"तुमच्या त्या डबीत माहा आवाज हाये का नाई?"

"आहे."

"मंग सभेत ऐकवा. मी खोटी निघालो त आपल्या हातानं राजीनामा देतो."

मी आनंदाने कबूल केलं. त्यांनाही बरं, मलाही बरं. बातमीच्या खरेपणावर शंका मला खपत नाही. त्या गेल्यावर राजकुमारी म्हणाली, "बाईनं पाणी पिलं नाई."

११ मे, मंगळवार

रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. यंत्राने सुस्वर टुंग केलं, कोपऱ्यात 'नवे उपकरण सापडले' अशी पाटी आली आणि मी चहाकडे हात नेतो तोच सगळा पडदा निळा. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची गिचमीड, मग काळोख, मग आपोआप पुनर्जन्म. पुन्हा जोडला. पुन्हा निळा. घड्याळ लावून पाहिलं: अकराव्या सेकंदाला.

मला राजकुमारीच्या अक्षता आठवल्या. सुईने भोक कोरलं तर खरंच तांदळाची एक कणी निघाली. तिला पुरावा दाखवला. ती म्हणाली, "ते कणी त दुसऱ्या भोकातून काढली तुमी." कणी काढल्यावरही निळा पडदा अकराव्याच सेकंदाला आला. अक्षतांची निर्दोष मुक्तता.

जेवताना ती म्हणाली, "जुन्यावर चालत होता न? धनेंद्र भाऊजीच्या कोठीत हाये त जाऊन लावा." मी म्हटलं, जुनं ते गेलं, आता जे होईल ते नव्यावर. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ मे, बुधवार

भारनियमनामुळे वीज सकाळी सहा ते दहाच. तेवढ्यात तर्कशास्त्र लावलं. काय असताना दोष असतो आणि काय नसताना नसतो, हे क्रमाने पाहायचं.

रेकॉर्डर नसताना लॅपटॉप निर्दोष. पेनड्राइव्ह लावला, निर्दोष. तेव्हा भोक निर्दोष. माउस लावला, निर्दोष. तार बदलून रेकॉर्डर लावला, निळा. तिन्ही भोकांत लावून पाहिला, तिन्हीकडे निळा. म्हणजे लॅपटॉप एकटा चांगला, रेकॉर्डरही एकटा चांगला, बिघाड दोघांच्या भेटीत. असे संसार पाहिले आहेत.

एवढ्या शुद्ध निष्कर्षावर समाधान मानून उठलो. मुलाखत ऐकायची राहिली, पण आज मन प्रसन्न होतं.

१३ मे, गुरुवार

स्टेशन रोडवर नीतू अग्रवाल यांचं संगणक केंद्र आहे. माहेर गोंदियाचं, पस्तिशीच्या, हिशेबी, आणि मला 'सर' म्हणत माझी फिरकी घेतात.

"सर, ये मशीन नहीं, इसका ड्रायव्हर खराब है."

"ड्रायव्हर म्हणजे सारथी?"

"सारथी नाही सर, दुभाषी. तुमचा रेकॉर्डर आपल्या बोलीत बोलतो, कॉम्प्युटर आपल्या. मधात हा बसतो." निळ्या पडद्यावरचं एक नाव त्यांनी कागदावर उतरवून घेतलं. "देखिए, हाच. दोन हजार चारचा. जुन्या सिस्टीममधी याचं चालून जायचं. रेकॉर्डरनं काय पाठवलं ते पूरा ऐकतच नाही, आधीच मेमरीत लिहून टाकतो. आणि कुठं लिहितो? जिथं लिहायचा त्याला हकच नाही तिथं. नवी सिस्टीम हे बर्दाश्त करत नाही. म्हणते, याच्यापेक्षा मी बंद पडलेली बरी."

मी हसलो. म्हटलं, असल्या दुभाष्याला नोकरीवर ठेवलं कोणी? त्याही हसल्या.

कंपनीच्या संकेतस्थळावर या मॉडेलला 'सेव्हन'साठी ड्रायव्हर नाही, असं सरळ लिहिलेलं निघालं. पुढच्या मॉडेलचा आहे, तो चालेल कदाचित. त्यांनी तो सीडीवर घालून दिला आणि जाताना बजावलं, "पहले पुराना निकालना, सर. आणि कागद वाचून घ्या, मी आत ठेवला आहे." वर म्हणाल्या, "कोई पुराना एक्सपी मिल जाए तो पाँच मिनट का काम है."

१४ मे, शुक्रवार

रेकॉर्डर लावला आणि नवा ड्रायव्हर द्यायला घेतला. अकरावा सेकंद. निळा.

दुपारी धनेंद्रचा फोन. तलावात सहा पायऱ्या उघड्या पडल्या, म्हणे. खाली चिखल. मासे पांढरं पोट वर करून. "वास येऊन राहिला गावात. बगळ्याइची मजा झाली. धान मात्र हिरवागार हाये भाऊ."

उन्हाने मासे मरतात. दर वर्षी थोडे मरतातच. तशी चार ओळींची बातमी केली.

१६ मे, रविवार. अक्षय तृतीया

आमच्याकडे नुसती 'तीज' म्हणतात. दोघे भाऊ एकत्र बसून पितरांना घास देतो, म्हणून खैरटोल्याला गेलो. बाबांच्या नावाचा घास धनेंद्रने टाकला, आईच्या नावाचा मी.

जेवणानंतर कोठीत खाट टाकली. पोत्यांच्या थप्पीजवळ चादर पांघरून जुना संगणक बसला होता. धनेंद्र म्हणाला, "लाईन हाये आता. चालू करू का? तुझी डबी त खिशातच असते."

"नको," मी म्हटलं, "धूळ बसली आहे. एकदम वीज दिली तर जळायचा."

"परवा त चालू केला होता मी. सोंगट्याचा खेळ खेळलो."

मी उन्हाचं कारण काढून आडवा झालो. येताना तलावावरून आलो नाही. ती वाट लांब पडते.

१८ मे, मंगळवार

सुलोचनाबाई पुन्हा आल्या. या वेळी बसल्याच नाहीत.

"झाला का चालू?"

मी सगळी हकीकत सांगितली. निळा पडदा, दुभाषी, २००४, सगळं. बाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या.

"म्हणजे डबी चांगली, नवा मशीनबी चांगला, मधातला आदमी खराब?"

"अगदी बरोबर."

"मंग मधातल्याले काढा न गुरुजी. काऊन ठेवून राहिले?"

"काढतोच आहे. पण काढला तरी राहतो तो."

"तलावातली मोठी रोहू मेली," त्या म्हणाल्या. "पोटात अंडी होती. सहा वर्साची होती एकेक. मी वळखत होतो." आवाज चढवला नाही. "रविवारी सभा हाये."

राजकुमारी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेली. रात्रीचं जेवण मात्र वेळेवर वाढलं.

२० मे, गुरुवार

जमलं!

सहा दिवस मी ज्या चुकीत होतो ती केवळ आमच्या परंपरेतलाच माणूस करू शकतो. आधी मूळ, मग भाष्य, ही शिकवण. म्हणून मी दर वेळी आधी रेकॉर्डर लावायचो आणि मग ड्रायव्हर द्यायचो. नीतूबाईंनी आत ठेवलेला कागद आज सकाळी प्रथमच उघडला. पहिलीच ओळ: 'उपकरण जोडण्याआधी ड्रायव्हर घाला.' आधी भाष्य, मग मूळ! आणि उपकरण आधी जोडलं की प्रणाली घाईघाईने जुनाच दुभाषी शोधून आणायची, कारण त्याची एक प्रत आत खोल लपून होती. मी त्याला वरवर काढत होतो, तो आतून हजर होत होता.

आज रीतसर केलं. तार काढली. उपकरणांच्या यादीत 'लपलेली दाखवा' म्हटलं. तिथे तो फिकट अक्षरांत बसला होता, तीन वेळा, प्रत्येक भोकापुरता एक. तिन्ही काढले. त्याची फाइलही काढली. यंत्र बंद करून चालू केलं. नवा ड्रायव्हर घातला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग हात जोडून (राजकुमारी पाहत नव्हती) रेकॉर्डर लावला.

नऊ. दहा. अकरा. बारा. तेरा.

पडद्यावर यादी उघडली. ३ मे, १४ मिनिटं ०८ सेकंद. फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. आता रेकॉर्डर बुडाला तरी हरकत नाही. राजकुमारीला हाक मारली, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. तलावाकाठचा वारा, टिटवी, आणि मग

२१ मे, शुक्रवार

आज लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

२२ मे, शनिवार

लिहिलं पाहिजे.

चौदा मिनिटांपैकी बाई दीड मिनिट बोलतात. उरलेला मी आहे. घड्याळ लावून मोजलं. मोजायची सवय लागली आहे.

प्रश्न मीच विचारतो, तोही उत्तरासकट: "पाणी सोडायला आपली तत्त्वतः हरकत नसावी?" बाई म्हणतात, "हरकत नाई गुरुजी, पन तिसऱ्या पायरी..." आणि मी म्हणतो, "उत्तम!" पुढे चार मिनिटं मी शेतकरी आणि मच्छीमार यांच्या सामंजस्यावर बोलतो. पाण्याला संस्कृतात किती शब्द आहेत ते सांगतो. माझा आवाज चांगला आहे. सभेत टाळी पडावी असा.

बाई पुन्हा येतात: "तिसऱ्या पायरीच्या खाली उतरू देऊ नोका. तिथं अंड्यावरचे मोठे मासे राह्यतेत. तिसरी पायरी दिसली का गेट बंद कराचा, एवढं लिहा." मी म्हणतो, "हा तांत्रिक तपशील झाला, तो अधिकारी पाहतील." मग वारा. मग बाईंचं शेवटचं वाक्य: "तुमी शिकलेले. तुमाले बराबर लिहता येते. तुमीच लिहा."

हे शेवटचं वाक्य मला अक्षरशः आठवत होतं. आधीचं, पायरीचं, ठार आठवत नव्हतं. हजार श्लोक पाठ करणाऱ्याला.

परवा हे वाजत असताना राजकुमारी दारातच उभी होती. म्हणाली, "मले वाटे, फक्त माह्यासंगच करता." आणि आत गेली. पंचवीस वर्षांत तिचं एखादं वाक्य मी मध्ये न बोलता ऐकलं असेल, तर ते हेच.

आज दोन फोन आले. पहिला सुलोचनाबाईंचा, कुणाच्या तरी मोबाइलवरून. "गुरुजी, नसंन होत त राहू द्या. मशीनच हाये ते. तुमी मेहनत केली." मी "पाहतो" म्हणालो. जमलं आहे, असं म्हणालो नाही.

दुसरा धनेंद्रचा. "भाऊ, तुझा मशीन चालू नाई झाला त बरंच हाये. चार दिवसात धान कापणीले येते. मंग काय वाजवाचं ते वाजव."

त्याने गैर काही म्हटलं नाही. जे तो मोठ्याने म्हणाला, ते मी बारा दिवस तर्कशास्त्राच्या भाषेत करत होतो. पाच मिनिटांचं काम कोठीत चादरीखाली होतं. मी त्याच्या शेजारी झोपलो.

आणि आता तर खोटंही बोलावं लागणार नाही. यंत्र कोसळतं, हे निम्म्या तालुक्याला मीच सांगून ठेवलं आहे. निळ्या पडद्याइतका सभ्य साक्षीदार मिळायचा नाही.

बाबांच्या वाटणीतली बांधी अजून दोघांच्या नावावर आहे. बातमी लिहिताना हे मला ठाऊक होतं का? ठाऊक नव्हतं असं लिहिणार होतो. 'ठाऊक' या शब्दाशी पेन थांबलं आहे.

२३ मे, रविवार

लॅपटॉपची बॅटरी भरून घेतली आणि पहिल्या बसने निघालो. राजकुमारी बरोबर आली. का, ते विचारलं नाही.

बसमधून उतरून या वेळी तलावावरून गेलो. पायऱ्या मोजल्या. सहा. सातवीचा काठ चिखलातून दिसत होता. तिसरीवर पाण्याची हिरवी रेघ होती, तीही वाळलेली, भिंतीवर उंची मोजल्यासारखी. पन्नास वर्षं ढीवर लोक ज्या खुणेने तलाव सांभाळत आले ती हीच असावी. कुणाला विचारली असती तर सांगितली असती. बाईंनी तर न विचारता सांगितली होती.

सोसायटीची शेड टिनाची, वीज नाही. चाळीसेक माणसं, बाया मागे. सुलोचनाबाई खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर. मी शिरताच एक तरणा म्हणाला, "आले पेपरवाले. आज कोनाची हरकत नाई म्हणाची?"

(दोन पानी प्रस्तावना लिहून नेली होती, ती खिशातच राहिली.) लॅपटॉप स्टुलावर ठेवला, आवाज मोठा केला, बटण दाबलं.

चौदा मिनिटं किती असतात, ते त्या शेडमध्ये कळलं. टिनाखाली माझा आवाज घुमत होता. सामंजस्याला कुणी हसलं नाही. पाण्याच्या संस्कृत नावांपाशी मात्र म्हातारे भोजराज नान्हे, सोसायटीचे सगळ्यांत जुने सभासद, कानामागची बिडी काढत म्हणाले, "गुरुजी, मुलाखत बाईची व्हती का तुमची?" आणि शेड हसली. मागच्या बायाही हसल्या. माझ्या बायकोचा आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला.

मग पायरीचं वाक्य आलं आणि हसू थांबलं. "तिसरी पायरी दिसली का गेट बंद कराचा, एवढं लिहा." त्यानंतर माझं 'तांत्रिक तपशील'. भोजराजजींनी हात वर केला: "परत लाव."

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं.

अविश्वास ठरावाचा कागद ज्याने लिहिला होता त्यानेच तो घडी करून खिशात घातला. जाळ्याचा विषय निघालाच नाही. दुधराम दाराशी उभा होता, तो आत येऊन आईशेजारी बसला.

मी उठून म्हणालो, मला क्षमा मागायची आहे, आणि आणखी एक सांगायचं आहे. त्या पाण्यावर पिकलेल्या बांधीत माझाही हिस्सा आहे. शेडमध्ये कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बातमी छापल्या दिवसापासून त्यांना ते माहीत होतं.

सुलोचनाबाई म्हणाल्या, "माफी कायले मागता? मासे काय माफीनं पैदा होतेत? बीज आणून टाका लागते. दोन वर्सं जाळं हलकं येईन. पेपरात लिहा तुमी. तिसरी पायरी. तेवढंच लिहा."

मग त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी प्यायलो.

२७ मे, गुरुवार

खुलासा छापून आला. सातव्या पानावर, खाली, चार ओळी, शेजारी बोअरवेलची जाहिरात. तिसरी पायरी आहे. 'प्रस्तुत वार्ताहराच्या कुटुंबाची शेती याच कालव्यावर आहे' हे वाक्य मी जोडलं होतं, ते कापलेलं. फोन केला. संपादक म्हणाले, "रहांगडालेजी, त्याचा बातमीशी काय संबंध?" पूर्वी मी या प्रश्नावर त्यांच्याशी सहमत झालो असतो.

नीतूबाईंना पेढे नेऊन दिले. म्हणाल्या, "सर, आता जुना ड्रायव्हर परत नाही ना येत?" म्हटलं, लपलेल्यांच्या यादीत अधूनमधून बघत असतो.

३० मे, रविवार

धनेंद्रकडून नव्या धानाचं पोतं आलं. दर साली येतं. पडवीत भिंतीला टेकून उभं आहे. राजकुमारी त्याला वळसा घालून जाते-येते. मीही वळसा घालतो. आज दुकानातून पाच किलो तांदूळ आणला, तर तिने निमूटपणे डब्यात ओतला.

दुपारी खैरटोल्याला गेलो. आता बीज कुठून आणायचं, कुठल्या महिन्यात टाकायचं, पायरीची खूण कुणी घातली, गेटाची किल्ली कुणाकडे असावी, हे सगळं बाईंना सांगायचं होतं. त्यांनी आधीच ताकीद दिली: "आज मी सांगतो. तुमी गप्प बसा."

तलावाच्या काठावर बसलो, तिसऱ्या पायरीवर, कोरड्या. रेकॉर्डर मध्ये ठेवला. बाई बोलत होत्या, मध्येच थांबून पाण्याकडे पाहत, पुन्हा बोलत. त्या थांबल्या की माझ्या तोंडाशी काहीतरी यायचं. मी पायरीवरचा शेवाळाचा पापुद्रा नखाने खरवडत बसलो. जे मला त्यांचं संपलं असं वाटायचं, त्यानंतरच त्या खरं ते सांगायच्या.

घरी येऊन जोडलं. अकरावा सेकंद गेला, बारावा गेला. ३० मे, १९ मिनिटं ४० सेकंद. सबंध ऐकलं, मगच लिहायला घेतलं. त्यात माझा आवाज एकदाच आहे, अगदी सुरुवातीला. चालू झालं का, असं विचारतो तेवढाच.